सातव्या पन्ह्याचा बाण

मंगळवारी सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी कात्रीबाईच्या फोनवर ईमेल आला. पाठवणाऱ्या बाईचं नाव अनोळखी होतं. विषयाच्या जागी 'पडदा' एवढा एकच शब्द होता. मजकूर असा:

"कात्रीबाई, मोठ्या पडद्याचा सातवा पन्हा उलटा लागला ती चूक माझी होती. तुझी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी चार माणसांसमोर मी तुझं नाव घेतलं. माफ कर. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. हे मी सांगितलं आणि सुनेने टाइप केलं. पत्ता तिचा आहे. — मास्तर."

त्या वेळी ती एका पँटची दुमड उसवत होती. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दोन मशीन, कापायचं टेबल, वाफेची इस्त्री आणि गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा. मागे कपाट आणि चहाची सोय. कामं सगळी दुरुस्तीची: चेन बदलणं, कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं. दाराशी एक छोटी पाटी होती, 'मखमलीचं काम घेतलं जात नाही'. का, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं आणि गिऱ्हाइकांनी कधी विचारलं नव्हतं.

खिडकीजवळ तिची मोठी बहीण काजं करत बसली होती. कात्रीबाईने ईमेल तिला मोठ्याने वाचून दाखवला.

"परत वाच," ताई म्हणाली. तिच्या दातांत दोरा होता.

परत वाचला.

"आपले मास्तर? ज्यांच्या हाताखाली तू होतीस ते?"

"तेच."

"तो माणूस उभ्या जन्मात 'चुकलं' म्हणाला नाही. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला, तेव्हा हॉलचं घड्याळ पुढे आहे म्हणाला होता. सगळ्या गावाला माहीत आहे."

"एकदा म्हणाले होते," कात्रीबाई म्हणाली. "इस्त्रीवाल्याने कोटाची बाही जाळली, तेव्हा. गिऱ्हाइकाला म्हणाले, माझ्या हातून झालं."

"आणि त्यांच्या हातून झालं होतं?"

"नाही. इस्त्रीवाल्याच्याच. त्याला त्या दिवशी मुलगी झाली होती, त्याचं लक्ष नव्हतं."

ताईने दोरा तोडला. "म्हणजे हा माणूस चूक तेव्हाच कबूल करतो, जेव्हा ती दुसऱ्याची असते."

ती हे चेष्टेने म्हणाली. कात्रीबाई हसली नाही. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि उसवायचं काम पुढे चालू केलं; पण त्या पँटची दुमड तिने दोन्ही पायांना उसवली, आणि गिऱ्हाइकाने एकाच पायाची सांगितली होती.

अकरा वर्षांपूर्वी झालं होतं ते एवढंच. मास्तरांच्या कारखान्याला नाट्यगृहाच्या मोठ्या पडद्याचं काम मिळालं. गडद लाल मखमल, चौदा पन्हे, डावीकडे सात, उजवीकडे सात. कापडाची एक सलग रुंदी म्हणजे एक पन्हा. बेतायचं काम कात्रीबाईकडे होतं. स्वतःची कात्री स्वतः आणायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, म्हणून ते नाव पडलं होतं.

मखमलीला लव असते. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागते, उलट फिरवला की अडते. पडद्याच्या सगळ्या पन्ह्यांची लव एकाच दिशेला हवी. एक जरी उलटा लागला, तरी वरून उजेड पडल्यावर तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. टेबलावर हे डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतं. म्हणून कारखान्यात नियम होता. पन्हा कापला की आधी तळवा फिरवायचा, मग मागच्या बाजूला, खाली येणाऱ्या टोकाशी, खडूने बाण काढायचा, आणि बाणाशेजारी आपली खूण करायची. कात्रीबाईची खूण दोन आडव्या रेघा. खालची दुमड मास्तर स्वतः घालायचे, त्यामुळे बाण आणि खूण दुमडीच्या आत बंद व्हायची. वरच्या टोकाला कड्या अडकवायला जाड कापडी पट्टा शिवला जायचा.

एवढा पडदा टांगून बघायला कारखान्यात उंची नव्हती. तो जमिनीवरच जोडला गेला. नाट्यगृहात लावला त्या दुपारी व्यवस्थापक, वीजतंत्री आणि समितीचे दोघे बघायला आले होते. दिवे लागले. डाव्या भागाचा सातवा पन्हा, म्हणजे नेमका मधोमध येणारा, धुऊन उन्हात वाळवल्यासारखा फिका दिसला. सगळे तिकडे बघत राहिले. मास्तर म्हणाले, "बेतणारीची चूक."

दोन शब्द. कात्रीबाईने कात्री पिशवीत ठेवली आणि ती घरी गेली. तिला कामावरून कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही आणि मास्तरांनी बोलावलं नाही. वीजतंत्र्याने एक दिवा थोडा कलता केला, फिकेपणा निम्मा झाला, आणि पडदा तसाच राहिला.

घरी, दारी, ताईला, पुढे गिऱ्हाइकांनाही ती सांगत आली की चूक तिची नव्हती. पण ती तिची होती की नव्हती, हे तिला माहीत नव्हतं. सातवा पन्हा कापल्यावर कुणीतरी दाराशी हाक मारली होती. ती पन्हा घडी करून ठेवून गेली होती आणि परत येऊन बाण काढला होता. बाण काढण्याआधी तळवा फिरवला का? ती नेहमी फिरवायची. त्या वेळी फिरवला, असं मात्र तिला आठवत नव्हतं. रोज करतो ते कुणाला एकेक आठवतं? तेव्हापासून तिने लव असलेलं कापड बेतलं नाही.

दुपारी जेवताना तिने फोन पुन्हा उचलला. ईमेलच्या खाली फोनने आपणहून तीन तयार उत्तरं सुचवली होती: 'काही हरकत नाही.' 'कळवल्याबद्दल धन्यवाद.' 'नंतर बोलू या.'

"काही हरकत नाही, म्हणे," कात्रीबाई म्हणाली.

"बघ, फोन तुझ्यापेक्षा मोठ्या मनाचा निघाला. दाब आणि मोकळी हो," ताई म्हणाली. "हातात लेखी आलंय, अजून काय हवं तुला?"

"खरं आहे का ते हवं."

"माफी खरी आहे का?"

"चूक खरी आहे का. म्हणजे, त्यांची आहे का. इस्त्रीवाल्यासारखं करत असतील तर?"

ताईने घास हातातच ठेवला. "आणि तसं असेल तर?"

"तर माझ्याच चुकीबद्दल मी त्यांना माफ करणार. बरं दिसेल का ते?"

हे तपासायची एक सोपी वाट होती, आणि ती वाट आपल्याला अकरा वर्षं माहीत होती हे कात्रीबाईने त्या दिवशी पहिल्यांदा ताईला सांगितलं. बाण तिने चुकीच्या टोकाला काढला असेल, तर तो सातव्या पन्ह्याच्या खालच्या दुमडीत, दोन रेघांसकट असणार. बाण बरोबर असेल आणि मास्तरांनी दुमड भलत्या टोकाला घातली असेल, तर खालची दुमड कोरी निघणार, आणि बाण वरच्या पट्ट्याखाली सापडणार.

"दुमड उसवायला किती वेळ लागतो?" ताईने विचारलं.

"दोन मिनिटं."

"आणि अकरा वर्षांत तुला दोन मिनिटं मिळाली नाहीत."

कात्रीबाईने भांडी उचलली आणि मागच्या खोलीत नेली.

बुधवारी अकरा वाजता ती नाट्यगृहात गेली. पडदेवाला तोच होता, केस तेवढे पिकले होते. पडदा उघडणं-मिटणं, दोऱ्या, कप्प्या हे सगळं त्याच्याकडे. त्याने तिला ओळखलं नाही, पण कात्रीची पिशवी ओळखली.

"तुम्ही दुसऱ्या," तो म्हणाला.

"दुसऱ्या म्हणजे?"

"गेल्या गुरुवारी मास्तर आले होते. म्हटलं, पडदा सोमवारी उतरणार आहे, नवीन येतोय, म्हणून शेवटचं बघायला आले असतील. खुर्ची मागितली. चष्मा घरी विसरले होते, माझा घेतला. मग खुर्ची सोडून खालीच बसले, तिकडे मधोमध. मला वाटलं पडद्याशी बोलताहेत."

"काय करत होते?"

"मला पाणी आणायला पाठवलं. आलो तर सुई-दोरा पिशवीत ठेवत होते. चष्मा परत दिला, पाणी प्यायले, गेले. तुम्हालाही पाणी आणू का?"

"नको. तुम्ही इथेच थांबा."

ती सहाव्या पन्ह्याशी गुडघ्यांवर बसली. दुमड चार बोटं उसवली, आत वजनासाठी घातलेली साखळी बाजूला केली. बाण होता. शेजारी दोन रेघा होत्या. खडू काल काढल्यासारखा स्वच्छ होता. स्वतःचंच अक्षर जुन्या वहीत सापडावं तशी ती थोडा वेळ बघत राहिली.

सातव्याच्या दुमडीवर तिला उसवण्याआधीच दिसलं. वीतभर शिवण नवी होती. दोरा त्याच लाल रंगाचा, पण जुन्यापेक्षा गडद. टाके एकसारखे, किंचित उजवीकडे झुकलेले. असे टाके घालणारा एकच माणूस तिला माहीत होता.

तिने ती शिवण उसवली. आत बाण नव्हता. रेघाही नव्हत्या.

"उजेड दाखवा जरा," ती म्हणाली. पडदेवाल्याने फोनचा दिवा लावून धरला.

जिथे बाण असायला हवा, तिथे कापडाची पाठ थोडी पांढुरकी होती. तळव्याएवढी जागा. ब्रशने झटकलेल्या खडूची असते तशी. पण अकरा वर्षं जमिनीला घासणाऱ्या दुमडीत धूळ जाते, तीही अशीच दिसू शकते. तिने पाचवा पन्हा उसवून बघितला. तिथे बाण होता, धूळही होती, पण ती करडी वाटली. की उजेडामुळे तसं वाटलं? पडदेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, मला सगळं सारखंच दिसतंय. पण त्याच्या नजरेवर विसंबायचं तरी किती. गेल्या गुरुवारी मास्तरांना त्याच्याच चष्म्याने दिसलं होतं, त्यांनाही कितपत दिसलं कोण जाणे.

"काय शोधताय?"

"बाण."

"सापडला?"

"नाही."

"मग ते बरं की वाईट?"

"तेच कळत नाही," कात्रीबाई म्हणाली. "वरचा पट्टा बघता येईल का?"

पडदेवाल्याने मान वर केली. पट्टा दोन मजले उंचीवर होता. "सोमवारी. पडदा खाली आला की हवं ते बघा. त्याआधी शिडीसुद्धा मिळणार नाही, शाळांच्या नाटकांच्या स्पर्धा आहेत चार दिवस."

तिन्ही दुमडी तिने परत शिवल्या. सातव्याची शिवताना सुई मास्तरांच्याच भोकांतून नेली, नवीन भोक पाडलं नाही.

दुकानात परतल्यावर ताईने काजाचं काम बाजूला ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पुसला त्यांनी."

"कशावरून?"

"दुसरं कोण पुसणार? झुरळ?"

"का पुसला? स्वतःला वाचवायला पुसला असेल, तर मग माफी कशाला मागतील? आणि मला वाचवायला पुसला असेल..."

"तर माफी खोटी, पण माणूस चांगला."

"किंवा पुसलंच नाही काही. दुमड कोरी निघाली, तेव्हा त्यांनाही पहिल्यांदा कळलं, आणि घरी जाऊन मेल लिहायला सांगितला. तर माफी खरी."

"आणि माणूस?"

"माणूस तोच."

"मग घाई कसली? सोमवारी पट्टा उसव, काय ते बघ, आणि मग उत्तर लिही. कळल्याशिवाय लिहायचं कशाला?"

ताईचं म्हणणं सरळ होतं. कात्रीबाईला ते सकाळीच, नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरताना सुचलं होतं, आणि तिथेच तिने ते सोडून दिलं होतं.

"ताई, एखादा माणूस दारात येऊन माफ कर म्हणाला, तर त्याला सहा दिवस उंबऱ्याबाहेर उभं करून मी आत पुरावा तपासत बसू? आणि पुरावा पटला की मग या म्हणू? ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज सुनेला विचारत असतील, काही आलं का."

"लिहिलंय ना, उत्तर दिलंच पाहिजे असं नाही."

"तसं लिहिणाराच वाट बघतो."

ताईने हे मान्य केलं. म्हणजे चहा ठेवायला उठली.

उत्तर कटिंगच्या खाकी कागदाच्या मागे लिहिलं गेलं, कारण फोनवर लिहिताना कात्रीबाईचे शब्द भलतीकडेच जात. पहिलं वाक्य, 'माझ्या मनात काही नाही', तिने लिहून लगेच खोडलं. दाराशी पाटी असताना ते कसं लिहायचं? मग लिहिलं, 'चूक बहुधा माझीच असेल'. ते वाचून ताई म्हणाली, "त्यांनी एवढी हिंमत करून काहीतरी हातात दिलं आणि तू ते त्यांच्याच पिशवीत परत कोंबतेस." तेही खोडलं. 'दुमड का उसवलीत?' हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ कागदावर राहिला. तो तिला खरोखर विचारायचा होता. दुपारी दोनदा तिने तो खोडला आणि दोनदा पुन्हा लिहिला.

"माफी मागायला आलेल्याची उलटतपासणी घेतात का गं?" ताईने विचारलं.

"मला नुसतं जाणून घ्यायचंय."

"उलटतपासणी घेणारे सगळे असंच म्हणतात."

गुरुवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी उत्तर गेलं. त्यात प्रश्न नव्हता. मजकूर असा:

"मास्तर, तुमचा मेल मंगळवारीच मिळाला. नीट लिहायचं होतं म्हणून दोन दिवस लागले. चार माणसांसमोर माझं नाव घेतलंत त्याबद्दल तुम्ही माफी मागितलीत, ती मी घेतली. मागे काही न ठेवता घेतली. ते वाक्य लागलं होतं, आता माझ्याकडून त्याचा विषय निघणार नाही.

पन्हा कुणामुळे उलटा लागला, ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं आणि आजही नाही. माझी चूक नाही असं मी सगळ्यांना सांगत आले, पण ते मला ठाऊक नसताना सांगितलं. वाकून दुमड बघायला दोन मिनिटं लागली असती. ती न बघता मी निघून गेले, आणि इतक्या वर्षांत तुमच्याकडे फिरकले नाही. ते माझं चुकलं, त्याची माफी तुम्ही घ्या.

आधी तळवा, मग खडू, हे तुम्ही शिकवलंत. साध्या सुती कापडालाही मी अजून तसंच करते. सूनबाईंना टाइप केल्याबद्दल धन्यवाद सांगा. — कात्रीबाई."

ताईने ते गेल्यानंतर वाचलं. "सुती कापडावर तळवा फिरवतेस?"

"फिरवते."

"कशासाठी? त्याला लव कुठे असते?"

"नसते. तरी फिरवते."

ताईने तिच्याकडे नीट बघितलं. एवढी वर्षं समोरासमोर बसून हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, असं बहुधा तिला वाटलं असावं.

शुक्रवारी उत्तर आलं नाही. कात्रीबाईने फोन टेबलावर उताणा ठेवला होता. ताई दर तासाला "काही?" एवढंच विचारायची आणि तिला "काही नाही" एवढंच उत्तर मिळायचं. संध्याकाळी एका बाईने मखमलीचं जाकीट आणलं. पाटी न वाचताच आत आली होती. कात्रीबाईने ते घेतलं नाही, पण परत देताना बाहीवरून एकदा हात फिरवला, वरून खाली, आणि मग खालून वर.

शनिवारी सकाळी दहा चाळीसला ईमेल आला. या वेळी सुनेने लिहिलं होतं.

"बाबांनी तुमचं पत्र दोनदा वाचून घेतलं. तुम्हाला कळवायला सांगितलंय की पडदा सोमवारी दहा वाजता उतरवणार आहेत. वरचा पट्टा कात्रीबाई आल्याशिवाय कुणीही उसवू नये, असं त्यांनी नाट्यगृहात सांगून ठेवलंय. एवढंच सांगितलंय त्यांनी. ते स्वतः येणार आहेत की नाही, ते मला विचारूनही कळलं नाही. पण सकाळपासून चष्मा शोधताहेत."

"म्हणजे बाण वर आहे," ताई म्हणाली. "नाहीतर त्यांनी तुला कशाला बोलावलं असतं?"

"किंवा वर नाही, आणि ते मी स्वतः बघावं असं त्यांना वाटतंय."

"किंवा त्यांनाही माहीत नाही."

"किंवा तसं."

फोनने खाली तीन उत्तरं सुचवली होती: 'नक्की येते.' 'जमणार नाही.' 'कळवते.' कात्रीबाईने त्यातलं पहिलं दाबलं. मग कात्री काढली, पात्यांचा स्क्रू थोडा आवळला, आणि एका चिंधीवर चालवून बघितली.

शनिवारी संध्याकाळपर्यंत कळलेलं एवढंच आहे. सातव्या पन्ह्याच्या वरच्या टोकाला बाण आहे की नाही, हे कुणीही बघितलेलं नाही. मास्तरांना माहीत असेल, तर त्यांनी सांगितलेलं नाही. चष्मा दुपारी सापडला, असं सुनेने मागाहून कळवलं.